माप आधी, नाव मग

एप्रिल-मेचे दिवस. उसाचं गाळप आटोपलेलं असतं आणि वारणानगरच्या साखर कारखान्यासारख्या ठिकाणी यंत्रं उघडायला सुरुवात होते. मनानं अशाच एखाद्या वर्कशॉपमध्ये या. बाकड्यावर जुनं वर्तमानपत्र पसरलंय. त्यावर काळ्या ग्रीसनं माखलेलं एक बेअरिंग ठेवलंय. आज आपल्याला एकच काम आहे: याच्या जागी काय बसेल, ते ठरवायचं. पुढचा हंगाम लांब आहे. घाई नको.

आधी ते पुसा. रॉकेलमध्ये बुडवा, ब्रशनं घासा, फडक्यानं कोरडं करा. रेसच्या, म्हणजे पोलादी कड्याच्या, सपाट कडेवर बोट फिरवा. तिथे अक्षरं कोरलेली असतात. कदाचित ‘हॉफमन’ असं पुसट दिसेल, कदाचित ‘रॅन्सम अँड मार्ल्स’. दोन्ही इंग्लंडच्या कंपन्या. १९६९ साली त्या पोलार्डसह एकत्र आल्या आणि आरएचपी झाल्या. १९९० साली आरएचपी जपानच्या एनएसकेकडे गेली. ज्या कॅटलॉगमध्ये हा नंबर होता, तो आता कुठल्या कपाटात असेल कोण जाणे. पण कंपनी विकली गेली म्हणून पोलादाचं माप बदलत नाही. नंबर वाचता आला तर लिहून ठेवा. नाही आला तरी काम अडत नाही.

आता थोडं थांबा. मोजण्याआधी याची झीज बघा. कोल्हापुरी चपलेच्या झिजेवरून घालणाऱ्याची चाल ओळखता येते, तशीच रेसमधल्या खोबणीवरून शाफ्टची. बॉल फिरल्याचा चकचकीत पट्टा खोबणीच्या मधोमध असेल, तर भार सरळ आडवा होता. पट्टा एका कडेला सरकला असेल, तर शाफ्ट एका बाजूला रेटत होता. स्थिर रेसवर तो तिरका गेला असेल, तर शाफ्ट आणि हाउसिंग एका रेषेत नव्हते. पोलाद निळसर-तपकिरी झालं असेल, तर ते तापलं होतं. यातलं काही दिसलं, तर नुसतं बेअरिंग बदलून भागणार नाही. नवं आणलं तरी ते त्याच कारणानं जाईल. हे मनात पुरतं उतरू द्या, मगच व्हर्निअर उचला.

मापं तीन: भोक, बाहेरचा व्यास, रुंदी. प्रत्येक माप बेअरिंग फिरवून दोन-तीन ठिकाणी घ्या. समजा, आकडे असे आले: २५.४०, ५७.१५, १५.८८ मिलिमीटर. लगेच कॅटलॉगकडे धावू नका. आकड्यांकडे पाहत राहा. २५.४० म्हणजे नेमका एक इंच. ५७.१५ म्हणजे सव्वादोन इंच. १५.८८ म्हणजे पाच सूत. बेअरिंग इंची मापाचं आहे. भारतात मेट्रिक मापांचा कायदा १९५६ साली झाला. तात्यासाहेब कोरे यांच्या पुढाकारानं वारणेकाठी सहकारी कारखाना उभा राहिला, तोही त्याच दशकात. त्या काळातली पुष्कळ यंत्रं इंचाच्या देशांतून आलेली. शाफ्ट इंचात, बाजारातली बेअरिंगं मिलिमीटरमध्ये. आजची अडचण तिथून सुरू झालेली आहे.

आता नाव शोधा. याच मापाच्या बेअरिंगला रॅन्सम अँड मार्ल्स ‘एलजे १’ म्हणत असे, एसकेएफ म्हणते ‘आरएलएस ८’. त्या आठाचा अर्थ मिस्त्रीला सांगावा लागत नाही: भोक आठ सूत, म्हणजे एक इंच. ही मालिका आजही बनते. जे कालबाह्य वाटलं होतं, त्याचं नुसतं नाव बदललं होतं.

पण समजा ते वेळेत मिळत नाही. दुकानदार ‘६२०५’ पुढे करतो. मेट्रिक नंबरातले शेवटचे दोन आकडे, ०४ पासून पुढे, पाचानं गुणले की भोक मिळतं: पाच पंचे पंचवीस. बाहेरून ५२, रुंदी १५. जवळ आहे, बसत मात्र नाही. भोक ०.४० मिलिमीटरनं लहान, बाहेरून ५.१५ नं कमी, रुंदीत ०.८८ चा फरक.

इथे पुन्हा थांबा आणि स्वतःला विचारा: बदल कुठे करायचा? शाफ्ट लेथवर लावून ०.४० उतरवता येतो. पण उतरवलेला धातू परत येत नाही, आणि उद्या इंची बेअरिंग मिळालं तरी ते त्या शाफ्टवर ढिलं होईल. हाउसिंगमध्ये रिंग घालणं वेगळं. अडीच मिलिमीटरहून थोडी जाड रिंग आज बसते, उद्या निघते. मोठ्या शाफ्टला याहून बरी वाट आहे: १:१२ टेपर भोकाचं बेअरिंग आणि चिरलेली अ‍ॅडॅप्टर स्लीव्ह. इंची शाफ्टसाठीही अशा स्लीव्ह मिळतात. नट आवळला की शाफ्टला हात न लावता मेट्रिक बेअरिंग बसतं. ज्या बदलातून परत फिरता येतं, तो आधी करून बघावा. जो मागे घेता येत नाही, त्यावर एक रात्र जाऊ द्यावी.

माप जुळलं, तरी काम जुळलं का? भार, वेग, उष्णता, धूळ, एकेक डोळ्यांपुढे आणा. बॉल बेअरिंगचं आयुष्य भाराच्या घनानं घटतं. त्यामुळे नव्याची भारक्षमता एक पंचमांशानं कमी असेल, तर त्याच भाराखाली आयुष्य जवळपास निम्म्यावर येतं. बगॅसच्या भुशात सील हवं. पण साधं नायट्राइल रबराचं सील सततच्या शंभर अंशांपुढे टिकत नाही, आणि दोन्हीकडून सील असलेल्या बेअरिंगमध्ये हाउसिंगच्या निपलमधून ग्रीस पोचत नाही. शाफ्ट तापत असेल, तर आतली मोकळीक जास्त असलेलं, ‘सी३’ खुणेचं, घ्यावं लागतं.

शेवटी वही उघडा. मशीन कोणतं, बाजू कोणती, जुना नंबर, तिन्ही मापं, झीज कशी होती, नवं काय बसवलं, रिंग केली असेल तर तिचं माप, आणि तारीख. नुसता नंबर लिहू नका. एक दिवस तोही कुठल्याच कॅटलॉगमध्ये सापडणार नाही. मापं मात्र त्या दिवशीही उपयोगी पडतील. आणि ही वही मशीनपाशीच ठेवा; रिटायर होताना घरी नेऊ नका.