पर्णनिवडुंगाचे लक्षण

दिल्लीच्या मयूर विहारातील सदनिकांच्या सज्जांतून ब्रह्मकमळ म्हणून जी कुंडी आस्थेने जोपासली जाते, आणि जिचे फूल पावसाळ्यातील एखाद्या रात्री उमलताच शेजाऱ्यांना बोलावून निरांजन ओवाळले जाते, तिच्यातील वनस्पती वस्तुतः मेक्सिको-ग्वाटेमालाच्या अरण्यांत वृक्षांच्या बेचक्यांत वाढणारा एक निवडुंग आहे. बदरी-केदारला वाहिले जाणारे ब्रह्मकमळ सूर्यफुलाच्या कुळातले, सर्वस्वी निराळे. ओवाळण्यात गैर काही नाही, कारण पहाटे कोमेजणारे ते सौंदर्य खरेच आहे. त्याला केदाराची वंशावळ मात्र जोडू नये.

पण निवडुंग कशावरून? हा प्रश्न वनस्पतिशास्त्राइतकाच न्यायशास्त्राचाही आहे. नैयायिक गाईचे लक्षण सांगताना शिंगे सोडून गळ्याखालची पोळी घेतात, कारण शिंगे म्हशीलाही असतात. त्याच न्यायाने काटा हे लक्षण मानले, तर मोडताच पांढरा चीक देणारा, एरंडाच्या कुळातला आपला त्रिधारी निवडुंगही आत शिरतो व अतिव्याप्ती होते. पर्णहीनता मानली, तर खरीखुरी पाने धारण करणारा पेरेस्किया हा निवडुंग बाहेर राहतो व अव्याप्ती होते. कुंडीतले ‘पान’ तर पानच नव्हे, ते चपटे झालेले खोड. म्हणून तर कळी त्याच्या कडेच्या खाचेतून निघते. त्या खाचेतली बारीक गादी, जिच्यातून काटा, लव, फांदी वा फूल उगवते, हाच या कुळाचा असाधारण धर्म.

बाकीचा तपशील हवामानाच्या अंमलाखाली असतो. अंधाऱ्या सज्जात तेच खोड लांबट, अरुंद आणि दुबळे होते, प्रखर उन्हात पिवळसर-तांबूस पडते, ज्येष्ठातल्या लूने करपते. त्यामुळे एकाच रोपाच्या दोन फांद्या दोन जातींच्या वाटाव्यात, इतका फरक पडतो. बदलते ती उपाधी आणि टिकते ते स्वरूप, एवढा निकाल देऊन तत्त्वचिंतक येथे थांबतात. मला ते पुरेसे वाटत नाही. काळोखात वर्षानुवर्षे न फुललेल्या रोपाच्या लक्षणात काडीचीही उणीव नसते, तरी त्याचे जीवित अपुरेच राहते, आणि ही अपूर्णता उपाधी म्हणून बाजूला सारणे मला अधर्म वाटतो; वस्तूला ओळखणाऱ्यावर तिच्या परिस्थितीचीही जबाबदारी येते.

तेव्हा ज्यांच्या घरी ही कुंडी असेल, त्यांनी तिला सकाळचे कोवळे ऊन द्यावे, दुपारी आडोसा करावा, पौषातल्या रात्री आत घ्यावे, आणि पाणी न साचणारी, पालापाचोळ्याची भुसभुशीत माती घालावी.