भिंतीचा कल

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात उज्जैनची वेधशाळा पाहिली. क्षिप्रेजवळच्या आवारात यंत्रे उघड्यावरच उभी आहेत. नाडीवलय यंत्राची उत्तरेकडची तबकडी सावलीत गार होती आणि दक्षिणेकडची उन्हात. मार्चमध्ये सूर्याने विषुववृत्त ओलांडले की सहा महिने ऊन उत्तरेच्या तबकडीवर येते. शाळेत पाठ केलेला विषुवदिन मला तिथे पहिल्यांदा दगडावर हात ठेवून समजला.

शेजारी सम्राट यंत्र. त्याच्या तिरप्या भिंतीची सावली दाखवत होती ती वेळ माझ्या घड्याळाच्या सुमारे २७ मिनिटे मागे होती. चूक दोघांचीही नव्हती. घड्याळ मिर्झापूरजवळच्या रेखांशाची वेळ सांगत होते आणि यंत्र उज्जैनची. भिंतीचा कल २३ अंशांहून थोडा अधिक, म्हणजे उज्जैनच्या अक्षांशाइतकाच आहे. ही भिंत जशीच्या तशी उचलून दुसऱ्या गावी नेली तर ती खोटी वेळ सांगेल.

सवाई जयसिंहाने ही वेधशाळा अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात बांधली. तो १७४३ साली वारला आणि पुढे पावणेदोनशे वर्षे ती पडझड सोसत राहिली. गोविंद सदाशिव आपटे यांनी विषय लावून धरला, ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी खर्च केला आणि १९२३ मध्ये तिचा जीर्णोद्धार झाला. आपटे स्वतः तिथे अधीक्षक म्हणून राहिले. मला यात महत्त्वाचे वाटते ते हे राहणे.

कारण पुण्याची हकीकत उलटी आहे. तिथे १८८८ साली सायन्स कॉलेजात महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी राहिली. पुढे तिथे २० इंची दुर्बीण आली आणि कावसजी नायगमवालांनी उत्तम काम केले. १९१२ मध्ये ते निवृत्त झाले, वेधशाळा बंद पडली आणि यंत्रे कोडाईकॅनालला गेली. दुर्बीण निकामी झालेली नव्हती. नायगमवालांच्या जागी उभा राहणारा कोणी पुण्यात तयार झालेला नव्हता.

आम्हा झाडीपट्टीच्या लोकांना हे वेगळे समजावून सांगावे लागू नये. कोहळी समाजाने खोदलेले तलाव आमच्या धानाला पाणी देत आले. मालगुजारी गेल्यावर ते सरकारजमा होऊन 'मामा' म्हणजे माजी मालगुजारी तलाव झाले, आणि ज्यांचा गाळ काढणारा कोणी उरला नाही ते उथळ होत गेले. पाळ शाबूत असूनही तलाव मरतो.

म्हणून आमच्या साकोलीच्या बागेत वेधशाळा हवी, असे म्हणताना मी महागडी दुर्बीण मागत नाही. एक तिरपी भिंत, एक उभा शंकू, आणि वर्षभर मुलांना ती सावली दाखवणारा एक नेमलेला शिक्षक एवढे पुरे. शिक्षकाची तरतूद नसेल तर भिंतही बांधू नये, इतके माझे मत पक्के आहे. २६ मेच्या आसपास आपल्याकडे दुपारी शंकूची सावली नाहीशी होते. जुलैच्या मध्यावर ती पुन्हा नाहीशी होते, पण तेव्हा रोवणीचे ढग असतात. त्यामुळे सुरुवात मे महिन्यात करावी. त्या दिवशी घड्याळात बारा वाजले म्हणून मुलांना घरी पाठवू नका. साकोलीची मध्यान्ह त्यानंतर सहा-सात मिनिटांनी होते.