आजचं चिंतन : सैन्य मागितलं की श्रीकृष्ण?



आजचा श्लोक गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला, ३८ वा. भगवंत अर्जुनाला सांगतात, की सुख-दुःख, लाभ-हानी, जय-पराजय हे सगळं सारखं मान आणि मग युद्धाला उभा राहा. म्हणजे तुला पाप लागणार नाही. हा श्लोक मला शाळेपासून पाठ आहे. पण तो नुसता पाठच आहे, हे मला परवाच्या रविवारी कळलं.

भाचीची ज्युदोची स्पर्धा होती. मोठी वगैरे नाही हं. पुण्यातल्या एका शाळेचा हॉल, खाली अंथरलेल्या मॅट, प्लास्टिकच्या खुर्च्या, डबे घेऊन आलेले आई-बाबा. भाची अकरा वर्षांची. तिच्यासमोर तिच्याच वजनाची, निळ्या पोशाखातली एक मुलगी. दोघींनी वाकून एकमेकींना नमस्कार केला, पंचांनी ‘हाजिमे’ म्हटलं आणि झटापट सुरू झाली.

मी डोळे मिटून देवाला साकडं घातलं. आधी म्हटलं, ‘आमची जिंकू दे.’ मग, खरं सांगतो, मनात आलं, ‘त्या दुसरीचा पाय घसरू दे.’ नाम ओठांवर आणि मनात हे! डोळे उघडले तर शेजारच्या खुर्चीवर एक आजी हातात जपमाळ घेऊन पुटपुटत होत्या. निळ्या पोशाखातली त्यांची नात. म्हणजे एकाच वेळी, दोन खुर्च्यांवरून, एकाच देवाला दोन अर्ज.

मिनिटभरातच भाची पाठीवर आपटली. ‘इप्पॉन!’ ज्युदोत अशी जोरदार, स्वच्छ फेक झाली की लढत तिथेच संपते. मला देवाचाच राग आला. पण आजींचा पहिला शब्द काय होता माहितीये? “अगं बाई, लागलं का गं त्या पोरीला?” नात जिंकल्याचं त्यांनी नंतर पाहिलं.

भाची उठली, पोशाख नीट केला, पुन्हा वाकली, हात मिळवला आणि माझ्याकडे पळत आली. म्हणाली, “मामा, बघितलंस? डोकं नाही आपटलं माझं. हात बरोबर मारला मी मॅटवर.” ज्युदो शिकताना सुरुवातीलाच पडायचं कसं ते शिकवतात. हनुवटी छातीशी, हात जोरात मॅटवर, म्हणजे डोक्याला मार लागत नाही. ते जमलं म्हणून पोर खूश होती. पराभव तिला झाला होता आणि रडवेला मी!

घरी येताना उद्योगपर्वातला तो प्रसंग आठवला. युद्धाआधी दुर्योधन आणि अर्जुन दोघंही द्वारकेत एकाच श्रीकृष्णाकडे मदत मागायला गेले होते. एकीकडे अख्खी नारायणी सेना, दुसरीकडे शस्त्र न धरणारा, एकटा श्रीकृष्ण. अर्जुनाने श्रीकृष्ण मागितला. दुर्योधन सैन्य मिळालं म्हणून खूश झाला. मित्रांनो, त्या हॉलमध्ये मी सैन्यच मागत होतो. निकाल मागत होतो. देव मागितलाच नाही.

समत्व म्हणजे ‘जिंकलो काय, हरलो काय, आपल्याला काय’ असा आळस नव्हे. भगवंत ‘सारखं मान’ म्हणून थांबत नाहीत, पुढे ‘लढ’ म्हणतात. भाची जीव तोडून लढलीच की! आणि श्लोकातलं ते पापही मला आता कळतंय. निकालाला इतकं चिकटलो, की एका अनोळखी लेकराचं वाईट चिंतून बसलो. पाप मॅटवर नव्हतं, माझ्या खुर्चीवर होतं.

आपली मॅट वेगळी असेल. मुलाखत, अप्रेझल, परीक्षेचा निकाल. तिथेही समोरचा कुणाचा तरी नातू, कुणाची तरी नात असते आणि त्यांच्याही घरी देवापुढे दिवा लागलेला असतो.

आजचा संकल्प छोटासाच. आज देवापुढे हात जोडाल तेव्हा स्वतःच्या यशाआधी, ज्याच्याशी तुमची स्पर्धा आहे त्याचं नाव घ्या आणि त्याचं भलं मागा. जड जाईल. मला अजून जातंय. रविवारपासून रोज त्या निळ्या पोशाखातल्या मुलीसाठी एक माळ करतोय.

श्रीकृष्णार्पणमस्तु.