मोडलेला नेम

मनाला आवर घालण्याचा मार्ग कृष्ण सांगत असतो आणि गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुन मध्येच एक अगदी व्यवहारी शंका काढतो. श्रद्धा होती, पण मन टिकलं नाही आणि साधना अर्ध्यावर सुटली, तर त्या माणसाचं काय होतं? फाटलेल्या ढगासारखा तो इकडचाही नाही आणि तिकडचाही नाही, असा विरून जातो का? ही शंका योग्यांपुरती राहत नाही. कॉलेजात धावणारे, मग नोकरी, संसार, आजारपण यांत बूट माळ्यावर टाकलेले आणि चाळिशी उलटल्यावर पुन्हा मैदानावर उतरलेले कितीतरी लोक हाच प्रश्न घेऊन आलेले असतात. तेव्हा कमावलं ते सगळं गेलं का? कृष्णाने दिलेलं उत्तर धावण्यात जितकं स्वच्छ पडताळून पाहता येतं तितकं क्वचितच दुसरीकडे येत असेल. आणि माझं म्हणणं याहून थोडं पुढचं आहे: खंड पडून परतलेल्याला धावणं जे देतं, ते कधीच न थांबलेल्याच्या वाट्याला सहसा येत नाही.

आधी काय जातं ते पाहू. धावणं थांबलं की पहिला फटका रक्ताला बसतो. दोन-तीन आठवड्यांतच रक्तातला द्रव घटतो, एका ठोक्याला हृदय कमी रक्त ढकलतं, म्हणून तोच वेग राखायला त्याला जास्त ठोके द्यावे लागतात. पुढे स्नायूंमधली ऊर्जा तयार करणारी यंत्रणाही आकसते. फळ जातं, यात वाद नाही. पण सगळंच जात नाही. ओस्लोच्या क्रिस्तियान गुंडर्सन यांच्या गटाने २०१० साली उंदरांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. भार देऊन वाढवलेल्या स्नायुतंतूंमध्ये जी जादा केंद्रकं आली होती, ती स्नायू झिजल्यावरही शाबूत राहिली होती. माणसातही असंच घडतं का, यावर शास्त्रज्ञांचा वाद चालू आहे. मात्र पूर्वी धावलेला माणूस नवख्यापेक्षा लवकर लयीत येतो, हे कुठलाही जाणता कोच सांगेल. चढावर खांदे सैल सोडायचे, पाऊल फार पुढे टाकायचं नाही, दम लागला की घाबरायचं नाही, हे त्याला पुन्हा शिकवावं लागत नाही. कृष्ण अर्जुनाला सांगतो तेही हेच: असा माणूस पुढल्या जन्मी आधीची बुद्धी परत मिळवतो आणि स्वतःच्या मनात नसतानाही जुन्या अभ्यासाने ओढला जातो. पुनर्जन्म न मानणाऱ्यालाही एकाच आयुष्यातला वीस-पंचवीस वर्षांचा खंड समजून घ्यायला हे वर्णन पुरेसं आहे.

अमेरिकेतल्या न्यू जर्सीचे हृदयरोगतज्ज्ञ जॉर्ज शीहन यांचं उदाहरण इथे नेमकं लागू पडतं. कॉलेजात ते चांगले धावपटू होते. मग डॉक्टरकी आली, मोठा संसार आला आणि धावणं सुटलं. पंचेचाळिशीत त्यांनी ते पुन्हा धरलं, तेही घराच्या मागच्या अंगणात. त्या अंगणाला सव्वीस फेऱ्या मारल्या की एक मैल व्हायचा. पन्नाशीत त्यांनी ४ मिनिटं ४७ सेकंदांत मैल पार केला. त्या वयात पाच मिनिटांच्या आत मैल धावणारे ते जगातले पहिले. हा विक्रम मोठाच. पण मला जास्त महत्त्वाच्या वाटतात त्या सव्वीस फेऱ्या. ज्याने ट्रॅकवर टाळ्या ऐकल्या आहेत, तो अंगणात गोल गोल फिरतो तेव्हा त्याच्या हाती फळाचा अंशही नसतो. अखंड धावणाऱ्याच्या बाबतीत कर्म आणि फळ इतके एकमेकांत गुंतलेले असतात की आपण नक्की कशासाठी धावतो हे त्यालाही वेगळं काढता येत नाही. परतलेल्याचं फळ काळाने आधीच काढून घेतलेलं असतं. तरीही तो धावतो, तेव्हा उरतं ते निव्वळ कर्म. निष्काम कर्माचा विचार वाचून पटतो. इथे तो मांड्यांना आणि छातीला कळतो.

यावर आपल्याकडचा पहिला आक्षेप नेमाचा येईल, आणि तो हलका नाही. वारी चुकू नये म्हणून पिढ्यान्‌पिढ्या जपणाऱ्या समाजात मोडलेल्या नेमाचं कौतुक कसं करायचं? पतंजलीही सांगतात की अभ्यास दीर्घकाळ, अखंड आणि आदराने केला तरच पक्का होतो. जपानमध्ये क्योतोजवळच्या हिएई डोंगरावर तेंदाई पंथाचे भिक्षू सात वर्षांत हजार दिवसांची परिक्रमा करतात. ती अर्धवट सोडण्यापेक्षा मरण पत्करावं म्हणून सोबत दोर आणि सुरी बाळगायची त्यांची परंपरा आहे. या निष्ठेपुढे मी मान झुकवतो. पण तिथेही पहिली तीन वर्षं दरवर्षी फक्त शंभर दिवसच चालायचं असतं. बाकीच्या काळाला कुणी पतन म्हणत नाही. आणि पतंजलींनी अभ्यासाच्या आड येणाऱ्या ज्या नऊ गोष्टी मोजल्या आहेत, त्यांत आजार आहे, आळस आहे, मिळवलेल्या पायरीवर टिकता न येणंही आहे. साधक घसरतो हे त्यांनी गृहीत धरलेलं होतं. अखंडता हे अभ्यास पक्का होण्याचं लक्षण आहे. खंडापूर्वीचं सारं रद्द होतं, असं त्यांनी कुठे म्हटलेलं नाही.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे. परतणारा फळ सोडून आलेला नसतोच, तो जुनं फळ परत घ्यायला आलेला असतो. मनगटावरच्या घड्याळाकडे तो मिनिटाला तीनदा पाहतो ते उगाच का? खरं आहे, बहुतेक जण असेच येतात. पण धावणं त्यांना फार दिवस तसं राहू देत नाही. दम काही आठवड्यांत सुधारतो, हाडं आणि स्नायुबंध मात्र महिने घेतात. छाती म्हणते चल, आणि नडगी म्हणते थांब. जुन्या वेळेच्या मागे लागलेल्याची नडगी आधी धावून झाल्यावर ठणकते, मग धावताना, मग जिना उतरताना. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात तो परत घरी बसतो. आसक्तीचं दुःख इतक्या लवकर आणि इतक्या अचूक जागी दाखवणारं दुसरं साधन मला तरी माहीत नाही. जो उरतो, तो हळू धावायला राजी झालेला असतो.

शरीराचं हे शहाणपण आत्म्याच्या गोष्टींना लावू नये, असं कुणी म्हणेल. धावून मोक्ष मिळतो असा माझा दावाच नाही. पण देह एक दिवस परतूच देणार नाही, तेव्हा या अभ्यासाचं काय उरतं, हा प्रश्न मी टाळू शकत नाही. शीहन यांना १९८६ साली प्रोस्टेटचा कर्करोग असल्याचं कळलं, तोवर तो हाडांपर्यंत गेला होता. त्यानंतरही ते धावले, शर्यतींत उतरले, दरवर्षी मागे पडत गेले आणि त्या मागे पडण्याबद्दल लिहीत राहिले. १९९३ साली ते गेले. शेवटच्या काळात त्यांनी जे लिहिलं त्यात धावणं कमी आणि मरण जास्त आहे. त्या मरणाकडे मात्र ते पंचेचाळिशीत अंगणातल्या फेऱ्यांकडे ज्या धिटाईने वळले होते, त्याच धिटाईने पाहताना दिसतात.