मुलूख जाणणे

एखादा मुलूख जाणणे म्हणजे काय, हा प्रश्न माझ्यासारख्या मॅट्रिकपलीकडे न गेलेल्या मास्तराने विचारावा, याचे विद्वानांना कदाचित हसू येईल. पण मला तो ग्रंथालयात भेटला नाही, शाळेच्या हजेरीपटात भेटला.

आमच्या माणदेशातल्या शाळेत धनगरांची काही मुले येत. दिवाळी सरली की ती दिसेनाशी होत. मेंढरे घाट उतरून कोकणाकडे निघत, मेंढरांमागे बिऱ्हाड आणि बिऱ्हाडाबरोबर पोरे. मी तांबड्या शाईने 'गैरहजर' असे लिही. वीस वर्षांपूर्वी एका हुशार पोराचे नाव मी पटावरून कमीही केले. नियम तसाच होता, आणि झोपही मला नेहमीसारखीच लागली.

पुढे गुंथर सोन्थायमर यांचे धनगरांच्या दैवतांवरील इंग्रजी पुस्तक हाती आले. शेजारी कोश ठेवून ते मी सावकाश वाचले. हे जर्मन गृहस्थ हिंदू एकत्र कुटुंबाच्या कायद्याचे अभ्यासक. हायडेलबर्ग विद्यापीठात 1962 साली दक्षिण आशिया संस्था निघाली, तिथे ते शिकवीत. भाषा, इतिहास, धर्म, अर्थकारण अशा निरनिराळ्या शास्त्रांनी एकत्र बसून एकाच भूभागाकडे पाहावे, ही त्या संस्थेची कल्पना. पण कायद्याची कलमे घेऊन निघालेला हा माणूस बिरोबा, म्हसकोबा आणि खंडोबा यांच्या वाटेला लागला. धनगरांच्या वाड्यांवर जाऊन बसला आणि त्यांच्या ओव्या त्याने ध्वनिमुद्रित केल्या. पाऊस, चारा, देवाचे ठाणे आणि माणसांची वाटचाल ही एकमेकांत कशी गुंतलेली आहेत, ते मला त्या पानांत दिसले. मी ज्याला गैरहजर म्हणत होतो, तो पोरगा माझ्या वेळापत्रकाहून फार जुन्या वेळापत्रकाप्रमाणे आपल्या जागी हजर होता!

आता प्रश्न असा, की ही विद्या आली कुठून? पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात नॉर्मन ब्राउन यांनी 1948 साली दक्षिण आशियाच्या अभ्यासाचा स्वतंत्र विभाग उभा केला. पण अशा अभ्यासाला अमेरिकेत सरकारी पैसा सढळ हाताने मिळू लागला तो 1957 साली रशियाचा स्पुटनिक आकाशात गेल्यावर. पुढच्याच वर्षी झालेल्या शिक्षणविषयक कायद्याच्या नावातच 'राष्ट्रीय संरक्षण' हे शब्द होते. म्हणजे या जिज्ञासेचा खर्च भीतीने भागवला. पूर्वेचे वर्णन करणारा तिच्यावर सत्ताही गाजवू पाहतो, असा आरोप एडवर्ड सैद यांनी 1978 साली केला, तो उगाच नव्हे.

हे सारे मान्य करूनही मला गप्प बसवत नाही. माझ्या बाजूला काय नव्हते? भाषा माझी, माती माझी, आणि मनात कसलाही डाव नव्हता. तरीही समोरच्या बाकावरचे पोर मला कळले नाही. आपला माणूस आहे म्हणून आपल्याला ठाऊक आहे, या समजुतीने मी डोळे मिटून घेतले होते. तेव्हा ज्ञानाची पारख केवळ हेतूवरून करता येत नाही आणि जवळिकीवरूनही नाही. ज्याला जाणायला निघालो, त्याच्यामुळे आपल्याला आपली वाट बदलावी लागली की नाही, हे पाहावे. सोन्थायमरांनी आपला विषय बदलला. मी माझा हजेरीपटसुद्धा बदलला नाही.

तरी एक ऋण उरतेच. तो ग्रंथ माझ्या हाती आला, पण ज्यांच्याविषयी तो लिहिला त्यांच्यापैकी कितीजणांच्या हाती गेला? सोन्थायमर 1992 साली वारले. ते ऋण आता आपण सर्व वाचणाऱ्यांच्या माथी आहे.

मागे आठवड्याच्या बाजारात तो पोरगा भेटला. आता तो दोन मुलांचा बाप आहे. त्याने वाकून नमस्कार केला, त्यामुळे मी अधिकच ओशाळलो. काहीतरी बोलायचे म्हणून त्याला पुस्तकाची हकीकत सांगितली. त्याने ती नीट ऐकून घेतली आणि विचारले, "गुरुजी, त्यात आमच्या म्हाताऱ्याची ओवी हाय का?"

मला सांगता आले नाही. त्याचा बाप ओव्या गातो, हेच मला त्या दिवशी प्रथम कळले.