मागची दोन दारं

‘दोन दारं कमी असती तर हिचं सोनं झालं असतं,’ असं माझ्या गाडीकडे बघून एक संग्राहक म्हणाला, आणि ते वाक्य डोक्यातून जाईना. गाडी १९६२ची शेव्हरोले बेल एअर, चारदारी सिडान. डेट्रॉइटच्या वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर १९९५पासून दर ऑगस्टला जुन्या गाड्यांचा मेळा भरतो. तिथे गर्दी दोनदारी गाड्यांभोवती. चारदारी दिसली की लोक तिच्यातून कोणते सुटे भाग निघतील याचा अंदाज घेतात. बाजाराचं हे गणित कळण्यासारखं आहे. तरुणपणी ज्या गाडीसाठी जीव तुटला तीच माणूस पुढे पैसे मोजून घेतो. ज्या गाडीतून वडिलांनी शाळेत सोडलं तिच्यासाठी कुणाचा जीव तुटत नाही.

मला मात्र मिरवायची गाडी आणि माणसं न्यायची गाडी यांत फरक करावासा वाटतो. माझी गाडी सव्वापाच मीटरहून लांब. पुढची सीटही सलग बाकासारखी, गिअरचा दांडा स्टीअरिंगपाशी, त्यामुळे पुढेसुद्धा तिघं बसतात. भारतातून आलेली आई साडी सावरत मागच्या दाराने सहज आत बसते. दोनदारी गाडीत तिला पुढची सीट पाडून फटीतून शिरावं लागलं असतं.

माणसं न्यायची गाडी भारतालाही नवी नाही. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सने १९४७च्या सुमारास कुर्ल्यात क्रायस्लरच्या डॉज, प्लिमथ जोडायला घेतल्या. असल्या ऐसपैस अमेरिकन गाड्या मुंबईत टॅक्सी म्हणूनही धावल्या. त्यांत वऱ्हाडं गेली, बाळंतिणी गेल्या. मागचं दार नसतं तर काय झालं असतं, हा प्रश्न तिथे कुणाला पडलाच नसता.

संग्राहकाचा दुसरा आग्रह असा की मूळ गाडीतला एक स्क्रूही बदलू नये. हे मला मनापासून पटत होतं. पण न्यायची गाडी म्हटल्यावर माणसं सुखरूप नेणं आलंच. २००९मध्ये अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या महामार्ग-सुरक्षा संस्थेने १९५९ची बेल एअर आणि शेव्हरोलेचीच नवी मॅलिबू ताशी ६४ किलोमीटर वेगाने समोरासमोर आदळवली. जुन्या गाडीचा पुढचा भाग चालकाच्या जागेपर्यंत चेपला. ती गाडीही चारदारी सिडानच होती. माझ्या गाडीत चारही चाकांच्या ब्रेकना एकच मास्टर सिलिंडर आहे. एका ठिकाणी ब्रेक ऑइल गळलं तरी चारही ब्रेक जातात. दुहेरी सिलिंडर त्या काळी नव्हता असंही नाही. १९६२च्याच रॅम्ब्लरला, म्हणजे साध्या कुटुंबाच्या गाडीला, तो होता.

मग मूळपणा कशात? स्क्रूत, की ज्या कामासाठी गाडी घडवली त्या कामात? मला आता दुसरं खरं वाटतं. काम टिकवायचं तर गाडी बदलावी लागेल. आणि इथेच चारदारीचा एक गुण पुढे येतो. संग्राहकाच्या लाडक्या दोनदारी हार्डटॉपमध्ये खिडक्यांमधला खांबच नसतो. माझ्या सिडानमध्ये तो आहे, आणि पुढच्यांच्या खांद्यावरून येणारा सुरक्षापट्टा पोलादी पट्टीचा आधार देऊन तिथे बसवता येतो. आधी दुहेरी सिलिंडर, मग हे पट्टे, मग मागच्या सीटचे. गाडीची किंमत उतरेल, हे संग्राहकाचं म्हणणं खरं आहे; पण ती मला विकायची नाही.