घेण्याची दानत

दिवाळीच्या सुमाराला नागपूर-पुण्याकडच्या गाड्या आलापल्लीवरून भामरागडच्या रस्त्याला लागतात. डिकीत ब्लँकेटं, जुने कपडे, फराळाची पाकिटं. गावात माडिया आदिवासी मुलांना रांगेत उभं करतात, पाकीट हातात ठेवताना फोटो काढतात आणि संध्याकाळपर्यंत ‘सेवा’ म्हणून तो सगळीकडे फिरतो. सोबत आनंदवन-हेमलकशाच्या वारशाचा उल्लेख हमखास असतो. या मंडळींच्या मनात खोट नाही, हे मी जाणतो. पण ज्या वारशाचं नाव ते घेतात, त्याची चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांतली वाटचाल नेमकी उलट दिशेनं झाली आहे.

संतांची भूतदया, गाडगेबाबांचा खराटा, तुकडोजी महाराजांची ग्रामसेवा हा टप्पा मराठी वाचकाला पाठ आहे. दुसऱ्याचं दुःख आपलं मानावं, त्यासाठी हात मळवावेत, इथपर्यंत कुणाचाच वाद नाही. गैरसमज सुरू होतो तो बाबा आमट्यांपाशी.

पावसात भिजत पडलेल्या तुळशीराम या कुष्ठरोग्याला पाहून बाबा भ्याले, पळाले आणि मग परत फिरले. ही गोष्ट आपण करुणेचा विजय म्हणून सांगतो आणि तिथेच थांबतो. करुणा तिथं होतीच. पण कुष्ठरोग्याबद्दल कळवळा वाटणारी माणसं त्याआधीही होती. देवळाच्या पायरीवर त्याच्या वाडग्यात नाणं टाकणारा समाज निर्दय नव्हता. त्या नाण्यामुळे रोगी पायरीवरच राहत होता, एवढंच. खरं वळण 1951 नंतर आलं. वरोऱ्याजवळ आनंदवनाच्या खडकाळ माळावर रोग्यांनी बाबा आणि त्यांच्या पत्नी साधनाताईंबरोबर विहीर खणली, जमीन कसली, भाजी पिकवली. आणि वरोऱ्याच्या बाजारानं ती भाजी नाकारली.

हा प्रसंग आपण फार घाईनं ओलांडतो. ज्या हातावर पैसा ठेवायला गावाची हरकत नव्हती, त्याच हातानं पिकवलेलं वांगं घ्यायला गाव तयार नव्हतं. संसर्गाची भीती खरी होती, पण तिच्याखाली आणखी काही होतं. भीक घालताना देणारा वर राहतो. भाजी विकत घेताना दोघं समोरासमोर येतात, भाव ठरतो, घेणाऱ्याला समोरच्याची गरज असल्याचं कबूल करावं लागतं. पुढे परदेशी स्वयंसेवक येऊन आनंदवनात राहिले, तिथलं अन्न जेवले, आणि गावाचा हात हळूहळू मोकळा झाला. साठच्या दशकात तर आनंदवनानं वरोऱ्यात महाविद्यालय उभं केलं. ज्यांना गावानं वेशीबाहेर काढलं होतं, त्यांच्या श्रमातून गावाच्या निरोगी मुलांसाठी वर्ग उभे राहिले. आनंदवनाचा इतिहास मी तरी असा वाचतो: समाज रोग्यांना द्यायला शिकला यापेक्षा त्यांच्याकडून घ्यायला शिकला, हे मोठं.

पुढचे टप्पे याच वाटेवरचे आहेत. 1973 साली प्रकाश आणि मंदाकिनी आमटे भामरागडजवळच्या हेमलकशाला गेले, तेव्हा उपचार करण्यासाठी त्यांना माडिया भाषा शिकावी लागली. शिकवणारे अर्थातच माडिया होते. 1986 साली गडचिरोलीत आलेल्या अभय आणि राणी बंग यांनी दवाखाना कसा हवा हे लोकांना विचारलं. मोठ्या इमारतीची भीती वाटते, आपल्या घरांसारख्या झोपड्या हव्यात, असं उत्तर आलं. त्यांच्या शोधग्राम या वसाहतीतला दवाखाना तसाच बांधला गेला आणि त्याला नाव मिळालं दंतेश्वरी देवीचं. 1995 पासून 39 गावांत तिथल्याच बायका आरोग्यदूत होऊन नवजात बाळांची काळजी घेऊ लागल्या. वजन करू लागल्या, गरज पडली तर इंजेक्शनही देऊ लागल्या. तिसऱ्या वर्षापर्यंत त्या गावांतले नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी घटले. आधी भाजी घेतली होती, आता सल्ला आणि कौशल्य घेतलं.

शेवटचा टप्पा सर्वांत अवघड. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावानं निर्णय सर्वसहमतीनं घ्यायची रीत पाडली. कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल तिथं सोबती म्हणून राहिले, गावाच्या अभ्यासगटात भाग घेत राहिले. ठरवायचं मात्र ग्रामसभेनंच. 2009 साली गावाला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. इथं बाहेरच्या माणसाला गावाचा निर्णय मानावा लागतो, तो आपल्याला पटला नाही तरी.

म्हणजे देऊच नये, असं नाही. पर्लकोटा नदीला पूर येऊन भामरागडचा रस्ता तुटतो, तेव्हा धान्य पोचवायलाच हवं. अडचणीत कुणीही कुणाला द्यावं. पण वर्षानुवर्षं एकच बाजू देत असेल आणि दुसरीनं फक्त हात पुढे करायचा असेल, तर ते नातं माणसांचं उरत नाही. घरातल्या म्हाताऱ्यांशी, कामाला येणाऱ्या बाईंशी, शेजाऱ्याशी आपण कसे वागतो, याचीही माझ्या लेखी हीच कसोटी आहे. त्यांचं मत आपण घेतो का? त्यांनी केलेली मदत मोकळ्या मनानं स्वीकारतो का?

म्हणून यंदा भामरागडला जाणार असाल, तर ब्लँकेटांची यादी करण्याआधी ग्रामसभेला विचारा. तिथला मोह, मध, बांबूच्या वस्तू घासाघीस न करता विकत घ्या. मुलांकडून माडियातले चार शब्द शिकून या. आणि फोटो काढायचाच असेल, तर आधी परवानगी मागा. नाही म्हणाले, तर त्यांचं ऐका.